सांगोल्याचा करार आणि पेन्शनचा अर्ज

सांगोल्यात माझे एक चाचा राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिकवून ते २००४मध्ये निवृत्त झाले. महिन्याच्या सुरुवातीला त्यांची पेन्शन बँकेत जमा होते. ते पासबुक भरून आणतात, चाचीच्या औषधांचे पैसे वेगळे काढतात आणि उरलेल्यातून नातवंडांना ईदी देण्याइतकी शिल्लक ठेवतात. त्यांचा थोरला मुलगाही मास्तर आहे, पण तो २००९ला नोकरीला लागला. धाकट्याचा डाळिंबाचा व्यापार आहे. एकाच दस्तरखानावर जेवणारे हे तीन पुरुष. पण तिघांच्या म्हातारपणाचे गणित तीन तऱ्हांचे आहे.

राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतनाचा पर्याय निवडायला सांगितला, तेव्हा थोरल्याचा फोन आला. “भाई, अर्ज भरायचाय. हमीची पेन्शन घेऊ की साठलेला पैसा माझ्या नावावर वाढू देऊ? एकदा खूण केली की बदलता येणार नाही म्हणतात.”

मी त्याला म्हणालो, “मी काही हिशेबनीस नाही. माझं क्षेत्र इतिहास.” तो म्हणाला, “मग इतिहासातलं सांगा. आधीच्या लोकांनी काय केलं?”

प्रश्न बरोबर होता. पेन्शन ही सरकारी कारकुनांसाठी काल-परवा निघालेली सोय आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ‘आज हक्क सोड, उद्या पोटाची सोय करतो’ हा व्यवहार फार जुना आहे. त्यातला एक मोठा व्यवहार तर या चाचांच्या गावातच झाला होता.

१७५० : सांगोल्यातला कागद

छत्रपती शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांच्यामागे साताऱ्याच्या गादीवर रामराजा आले. ताराबाईंनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे केले होते. नवा राजा तरुण होता आणि दरबारात त्याचे स्वतःचे माणूस नव्हते. त्याच सुमारास प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याने सांगोल्याच्या किल्ल्यात शिबंदी ठेवून पेशव्यांविरुद्ध उठाव केला. तो मोडायला सदाशिवरावभाऊ फौज घेऊन आले आणि सोबत रामराजांनाही घेऊन आले.

किल्ला ताब्यात आला. त्यानंतर सप्टेंबर १७५०मध्ये इथेच तो प्रसिद्ध ‘सांगोल्याचा करार’ झाला. राज्यकारभाराची सगळी सत्ता पेशव्यांकडे जावी आणि पेशवे जे करतील त्याला छत्रपतींनी मंजुरी द्यावी, असे ठरले. बदल्यात साताऱ्याभोवतीचा थोडा मुलूख छत्रपतींच्या स्वतःच्या व्यवस्थेत राहणार होता. ग्रँट डफ आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहितो, की बाळाजी बाजीरावांनी ही अट मान्य केली, पण ती कधीच पाळली गेली नाही.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. सत्ता हातची गेली होतीच, आता मोकळीकही गेली.

राजकारणाचे विद्यार्थी हा करार ‘छत्रपतींकडून पेशव्यांकडे सत्तांतर’ म्हणून वाचतात. थोरल्याच्या अर्जासमोर बसून वाचला की तो वेगळा दिसतो. एका माणसाने हातातला हक्क दिला आणि पुढच्या सोयीचे वचन घेतले. वचन मोडले तर ते पाळायला लावील अशी कुठलीही ताकद त्याच्यामागे नव्हती. न्यायालय नव्हते, फौज नव्हती, संघटना नव्हती. ज्याने वचन दिले त्याच्याच हातात सगळे होते.

पेन्शन घ्यावी की न घ्यावी, या प्रश्नाआधीचा प्रश्न हा आहे. वचन मोडले तर मी कुठे दाद मागणार?

बिठूर : पेन्शनही, गुंतवणूकही

पुढच्या ६८ वर्षांत चक्र फिरले. ज्या पेशव्यांनी छत्रपतींना नेमणुकीवर बसवले, त्यांचीच पाळी आली. जून १८१८मध्ये दुसऱ्या बाजीरावाने जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. राज्य सोडायचे आणि वर्षाला किमान आठ लाख रुपये घेऊन उत्तरेत राहायचे, असे ठरले. कानपूरजवळच्या बिठूरला त्याचा मुक्काम पडला.

माल्कमने कबूल केलेली रक्कम कलकत्त्याच्या वरिष्ठांना जास्त वाटली. त्यांची खरी पंचाईत पुढे झाली. बाजीराव त्यानंतर ३२ वर्षे जगला! आज विमा कंपन्या ज्याला ‘दीर्घायुष्याची जोखीम’ म्हणतात, ती हीच. माणूस किती जगेल हे कुणाला ठाऊक नसते. तो अंदाजापेक्षा जास्त जगला तर खर्च कुणी करायचा? पेन्शनमध्ये तो देणाऱ्याच्या अंगावर पडतो. स्वतःच्या साठवणीत तो आपल्या किंवा मुलांच्या अंगावर पडतो.

२८ जानेवारी १८५१ला बाजीराव वारला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी पेन्शन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. लॉर्ड डलहौसीने ती फेटाळली. त्याची कारणे मोठी बोलकी आहेत. बाजीरावाला इतकी वर्षे पैसा मिळाला, त्याला स्वतःचा मुलगा नाही आणि त्याने कुटुंबासाठी २८ लाखांची मालमत्ता मागे ठेवली आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे बाजीरावाने पेन्शनही घेतली आणि तिच्यातून साठवणही केली. पेन्शन त्याच्याबरोबर संपली. साठवण वारसांना मिळाली. आणि त्याच साठवणीकडे बोट दाखवून पेन्शन नाकारली गेली.

नानासाहेबांची बाजू मांडायला १८५३मध्ये लंडनला गेला तो अजीमुल्लाह खान. दुष्काळात अनाथ झालेला, कानपुरात वाढलेला, इंग्रजी आणि फ्रेंच शिकलेला हा तरुण. एका मराठी घराण्याच्या पेन्शनची वकिली करायला एक मुसलमान सातासमुद्रापार गेला, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत एका ओळीतही नसते. त्याला यश आले नाही. रिकाम्या हाताने तो परतला आणि पुढे १८५७च्या उठावात नानासाहेबांबरोबर उभा राहिला.

अजीमुल्लाहकडे युक्तिवाद होता, कागद होता. नव्हते ते बांधील असे न्यायालय. कंपनीच्या लेखी ती मेहरबानी होती, आणि मेहरबानी कधीही आवरती घेता येते.

लखनौचा वसीका

याच काळातली दुसरी गोष्ट लखनौची. अवधच्या नवाबांनी आणि बेगमांनी ईस्ट इंडिया कंपनीला मोठमोठी कर्जे दिली. १८२५मध्ये गाजीउद्दीन हैदरने पाच टक्के दराने एक कोटी रुपये दिले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज मात्र ठरलेल्या नातेवाइकांना आणि आश्रितांना पिढ्यानपिढ्या मिळत राहावे, अशी अट होती. या नेमणुकीला ‘वसीका’ म्हणतात आणि ती घेणाऱ्यांना ‘वसीकेदार’. कंपनी गेली, राणीचे राज्य गेले, देश स्वतंत्र झाला. लखनौचे वसीका कार्यालय मात्र राहिले.

म्हणजे हे वचन मोडले गेले नाही. तरी आज अनेक वसीकेदारांच्या हाती महिन्याला पडतात ते मोजके रुपये. ते आणायला जाण्याच्या रिक्षाचे भाडेही त्यातून सुटत नाही. कारणे दोन. रक्कम गोठलेली होती आणि वारस वाढत गेले. दोनशे वर्षांच्या महागाईने ती कुरतडून खाल्ली.

थोरल्याला मी इथे एक साधे गणित करून दाखवले. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर सुमारे बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. साठाव्या वर्षी दहा हजारांत जे घर चालते, त्याला बहात्तराव्या वर्षी वीस हजार लागतात. चाचांची पेन्शन टिकली ती महागाई भत्त्यामुळे. भत्ता नसता तर २००४च्या रकमेत आज चाचीची औषधेही आली नसती.

मेहरबानी की हक्क?

इंग्रजांनी १८७१मध्ये पेन्शनचा कायदा केला. पेन्शनच्या दाव्यांत दिवाणी न्यायालयांनी लक्ष घालू नये, अशी तरतूद त्यात होती. ‘सरकार देईल ते घ्या’ हा त्याचा अर्थ. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे हीच वृत्ती टिकून होती.

ती मोडली सर्वोच्च न्यायालयाने, १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि म्हातारपणी माणसाला सन्मानाने जगता यावे यासाठी ती आहे, असा या निकालाचा आशय. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस साजरा करतात तो यामुळे. १७५०मध्ये सांगोल्यात जे नव्हते, १८५३मध्ये अजीमुल्लाहला जे मिळाले नाही, ते १९८२मध्ये एका निवृत्त माणसाला मिळाले. दाद मागायला जागा मिळाली.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांची कथाही अशीच टप्प्याटप्प्याने घडली. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना पेन्शन मिळाली ती १९६८च्या शासन निर्णयाने. त्याआधी त्यांच्या हाती फक्त भविष्य निर्वाह निधी पडायचा. अनेक मास्तर निवृत्तीनंतर शिकवण्या घेत, दुकानाचे हिशेब लिहीत दिवस काढायचे.

हक्काची ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी सातव्या शतकात ‘दिवान’ म्हणजे नावनिशीवार नोंदवही केली आणि बैतुल मालमधून लोकांना ठरलेला वजिफा सुरू केला. इमाम अबू युसूफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये एक प्रसंग नोंदवला आहे. दारोदार भीक मागणारा एक म्हातारा, दृष्टी गेलेला यहुदी उमर यांना भेटला. त्यांनी त्याला घरी नेले, जे होते ते दिले आणि मग खजिनदाराला सांगून त्याची आणि त्याच्यासारख्यांची सोय लावली. तरुणपणी ज्याच्याकडून कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे, हे त्यामागचे कारण. तिथे धर्म आड आला नाही, आणि ती मेहरबानीही नव्हती.

बँकेतल्या लोकांनी काय निवडले?

थोरल्याला खरे तर अशा लोकांची गोष्ट हवी होती, ज्यांच्यासमोर त्याच्यासारखाच अर्ज आला होता. ती गोष्ट बँक कर्मचाऱ्यांची आहे.

बहुतेक सरकारी बँकांत पूर्वी पेन्शन नव्हती. कर्मचाऱ्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जायचा, तेवढाच बँक घालायची आणि निवृत्तीला एकरकमी पैसा मिळायचा. ऑक्टोबर १९९३मध्ये संघटना आणि बँकांत समझोता झाला आणि १९९५मध्ये पेन्शनचे नियम आले. कर्मचाऱ्यांना निवड करायची होती. बँकेच्या वाट्याचा निधी सोडा आणि आयुष्यभर पेन्शन घ्या. नाहीतर निधी घ्या आणि पेन्शन विसरा.

मोठ्या संख्येने लोकांनी पेन्शन नाकारली. नियमांतले संपाबाबतचे एक कलम संघटनांना खुपत होते, हे एक कारण. दुसरे कारण व्याजदर. तेव्हा मुदत ठेवीवर १२ टक्के सहज मिळत. पाच लाख रुपये ठेवले की वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार व्याज. मुद्दल शाबूत, मुलांना ठेवता येणार. पेन्शन घेणारा वेडा, असे म्हणणारे कॅशियर तेव्हा प्रत्येक शाखेत होते. आणि ते चुकीचे बोलत नव्हते. त्या दिवशीचे गणित तेच सांगत होते.

पण ते गणित तीस वर्षे टिकेल, हे त्यांनी धरून चालले होते. २००३-०४ येईपर्यंत ठेवींचे दर सहा टक्क्यांच्या खाली गेले. पाच हजारांचे अडीच हजार झाले आणि त्याच काळात किराणा, दवाखाना महागला. पेन्शन घेतलेल्या सहकाऱ्याला महागाईनुसार वाढ मिळत होती. मग पुन्हा मागणी सुरू झाली. २७ एप्रिल २०१० रोजी दुसऱ्यांदा पर्याय मिळाला, पण फुकट नाही. निवृत्त झालेल्यांना निधीतला बँकेचा हिस्सा परत करून वर आणखी ५६ टक्के रक्कम भरावी लागली. तरीही लोकांनी उसनवारी करून पैसे भरले आणि पेन्शन घेतली.

त्याच समझोत्यात एक गोष्ट दडलेली होती. १ एप्रिल २०१०पासून लागणाऱ्या नव्या बँक कर्मचाऱ्यांना ही पेन्शन नव्हती. जुन्यांनी दार उघडून घेतले आणि नव्यांसाठी ते बंद झाले.

१ नोव्हेंबर २००५ची रेघ

हीच रेघ चाचा आणि थोरल्यामध्ये आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४पासूनच्या नव्या नेमणुकांना जुनी पेन्शन बंद केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५पासून. चाचांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, त्यांच्यामागे चाचीला कुटुंब निवृत्तिवेतन. थोरल्याच्या वाट्याला आली परिभाषित अंशदान योजना. पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के त्याचे, तेवढेच सरकारचे; पुढे सरकारचा वाटा १४ टक्के झाला. पैसा कापला जायचा, पण हिशेबाची पावती वेळेवर मिळत नाही, ही राज्यभरातल्या शिक्षकांची कितीतरी वर्षे तक्रार होती. नंतर ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये विलीन झाली.

एनपीएसचा अर्थ साध्या भाषेत असा. नोकरी सरकारची, पण म्हातारपणाची गुंतवणूक तुमची. बाजार वर गेला तर फायदा तुमचा, पडला तर तोटाही तुमचा. साठाव्या वर्षी सरकारी कर्मचाऱ्याला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक वर्षासन विकत घ्यावे लागते. त्या वर्षासनाला सहसा महागाई भत्ता नसतो. जोखीम देणाऱ्याच्या खांद्यावरून घेणाऱ्याच्या खांद्यावर गेली, एवढाच या बदलाचा सारांश.

म्हणून १४ मार्च २०२३ रोजी राज्यातले लाखो कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले. थोरलाही त्यात होता. २० मार्चला संप मिटला. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त अधिकाऱ्यांची समिती बसली. मार्च २०२४मध्ये राज्याने सुधारित योजना जाहीर केली. शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि महागाई वाढ. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन योजना आली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. तिच्यात २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाई वाढ, त्याच्यामागे जोडीदाराला त्याच्या ६० टक्के, आणि किमान दहा वर्षे सेवा असेल तर महिन्याला दहा हजारांची हमी आहे.

पण हमी घ्यायची तर साठलेल्या पुंजीवरचा मोठा हक्क सोडावा लागतो. नवरा-बायको दोघे गेल्यावर मुलांच्या हाती ती पुंजी येत नाही. एनपीएसमध्ये उरलेला पैसा वारसाला मिळतो. बाजीरावाच्या घरातला प्रश्न आता थोरल्याच्या घरात आला होता.

व्याजाचा प्रश्न

आपल्या घरांत याला आणखी एक पदर असतो. थोरल्याने तो फोनवर हळू आवाजात विचारला. “भाई, यातलं सूद किती?”

याबाबत उलेमांमध्ये एकमत नाही आणि मी मुफ्ती नाही. अभ्यासकांची चर्चा मात्र सांगता येते. सक्तीने कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीबद्दल मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या आलिमांचे मत असे, की जो पैसा कर्मचाऱ्याच्या ताब्यात आलाच नाही, त्यावर मालकाने दिलेली वाढ ही मोबदल्याचाच भाग ठरते. ती व्याजाच्या व्याख्येत बसत नाही. स्वतःच्या मर्जीने जादा कपात करून घेतली तर मात्र जपून राहावे. सेवेबद्दल सरकारने दिलेली पेन्शन बहुतेक जण पगारासारखीच मानतात. उलट एनपीएसच्या नेहमीच्या योजनेत सरकारी कर्मचाऱ्याचा बहुतांश पैसा कर्जरोख्यांत जातो आणि शेअर्समध्ये थोडाच. म्हणजे ज्याला ‘आपली गुंतवणूक’ म्हणतो, तिच्यातच व्याजाचा प्रश्न जास्त टोचतो.

स्वतंत्रपणे गुंतवायचे असेल तर दारू, जुगार, व्याजाचा धंदा आणि डोईजड कर्ज असलेल्या कंपन्या वगळणारे म्युच्युअल फंड भारतात आहेत. टाटा एथिकल फंड त्यांतला जुना. मलेशियाने तर १९६०च्या दशकात तबुंग हाजी ही संस्था उभी केली. हजसाठी गादीखाली, मातीच्या भांड्यात पैसे साठवणाऱ्या शेतकऱ्यांची बचत तिने व्याजाविना गुंतवली. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांची ती कल्पना. तिच्या पाठीशी सरकार आणि कायदा उभा होता, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे मात्र ‘हलाल’ हा शब्द वापरून किती जणांना बुडवले गेले, हेही सांगायला हवे. बंगळुरूची आयएमए ही कंपनी जून २०१९मध्ये कोसळली. मुलींच्या लग्नाचे, निवृत्तीचे, परदेशातल्या कमाईचे पैसे त्यात गेले. हजारो कुटुंबांनी पोलिस ठाण्यांसमोर रांगा लावल्या. परताव्याला ‘नफा’ म्हटले म्हणून धंदा खरा होत नाही. धंदा कोणता, हिशेब कोण तपासतो, नियामक कोण, पैसा परत मागितला तर किती दिवसांत मिळेल, हे चार प्रश्न विचारणे तवक्कुलच्या आड येत नाही. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतोच.

ज्यांच्यापुढे अर्जच नाही

हे सगळे बोलणे चालू असताना धाकटा बाजूला बसून हसत होता. “तुमचं बरं आहे. तुम्हाला निवडायला तरी मिळतंय.”

त्याचे म्हणणे खरे होते. सांगोला दुष्काळी तालुका. इथल्या माणसाने डाळिंबावर घरे बांधली, मुले शिकवली. पण तेल्या आला, मर रोग आला, खोडाला भोके पाडणारा किडा आला आणि लोकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. बाग ही ज्याची पेन्शन होती, त्याची पेन्शन एका पावसाळ्यात गेली. व्यापाऱ्याचे तेच. माल आला तर धंदा.

सूतगिरणीतल्या कामगाराला किंवा एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला पेन्शन आहे, पण ती १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेची. तिच्यात १५ हजारांची वेतनमर्यादा धरून ३५ वर्षांच्या सेवेचा हिशेब केला तर महिन्याला साडेसात हजार होतात, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. बहुतेकांना याहून कितीतरी कमी मिळते. २०१४पासून किमान पेन्शन ठरली ती एक हजार रुपये. बुलढाण्यात या योजनेतल्या निवृत्तांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले ते यासाठीच.

आणि आपल्या समाजातले बहुतेक लोक तर यातही नाहीत. बागवान, तांबोळी, अत्तार, शिकलगार, मुलाणी, गॅरेजवाला, वेल्डर, घरी शिवणकाम करणारी बाई; सरकारी नोकरीत आपला वाटा लोकसंख्येच्या मानाने किती कमी आहे, हे सच्चर समितीपासून महमूदुर रहमान समितीपर्यंत सगळ्यांनी लिहून ठेवले आहे. या माणसांचे निवृत्तीचे नियोजन म्हणजे मुलगा. मुलगा चांगला निघाला आणि त्याला काम मिळाले तर भाकर, नाहीतर नाही. म्हणून जुन्या पेन्शनवर बोलताना आपण फक्त नोकरदारांची बाजू घेऊन थांबलो, तर धाकट्याच्या हसण्याला उत्तर राहत नाही. उमर यांच्या नोंदवहीत तो यहुदी भिकारी होता. आपल्या नोंदवहीत धाकट्याचे नाव कुठे आहे?

अर्जावरची खूण

शेवटी मी थोरल्याला इतिहासातून निघते तेवढेच सांगितले. पेन्शन हे वचन आहे आणि साठवण हा ताबा. वचन महागाईशी आणि लांब आयुष्याशी झुंजते, पण ते देणाऱ्याच्या मर्जीवर राहिले तर सांगोल्याच्या करारासारखे होते. त्याच्यामागे कायदा आणि संघटना लागते. ताबा वारसांपर्यंत पोहोचतो, पण व्याजदर, बाजार, रोगराई आणि ठग, या सगळ्यांशी आपल्याला एकट्याने लढावे लागते. ज्यांनी एकावरच सगळे लावले, त्यांतले बरेच पस्तावले. भाकरीपुरते वचन असावे, त्यावरचे तूप आपल्या हाताने साठवावे.

त्याची परिस्थिती त्याने स्वतःच मांडली. २०४०मध्ये निवृत्ती, तोवर ३१ वर्षे सेवा. बायको नोकरीत नाही. चाचा ऐंशीकडे झुकलेत, म्हणजे घराण्यात आयुष्य लांब. बाजाराकडे बघायला वेळ नाही आणि आवडही नाही. त्याने हमीच्या पेन्शनवर खूण केली. मुलांच्या हाती काही राहावे म्हणून दरमहा थोडी रक्कम वेगळी गुंतवायचे ठरवले. त्याची बँक शाखेतली पदवीधर मैत्रीण-मंडळी किंवा पुण्यातला एखादा अभियंता याच्या उलट निवड करील, आणि तीही चूक नसेल. ज्याचे वय कमी, पगार चढता, जोडीदार कमावता, त्याचे गणित निराळे.

अर्ज देऊन आल्यावर चाचांनी विचारले, “झालं?” तो म्हणाला, “झालं, अब्बा. आता सरकारनं पाळलं म्हणजे मिळवलं.”

चाचा म्हणाले, “पाळायला लावावं लागतं बेटा. संघटनेची वर्गणी भरत जा.”

धाकट्याने मात्र त्या रात्री मला वेगळेच विचारले. त्याच्यासारख्यांसाठी सरकारची एखादी योजना आहे का, आणि तिच्यात सूद नसेल ना? मी त्याला नीट माहिती काढून सांगतो म्हणालो आहे. पुढच्या वेळी सांगोल्याला जाईन तेव्हा उत्तर घेऊनच जायचे आहे.